नगरपालिकेतून दिल्लीकडे

अंबरनाथ आणि उल्हासनगर ही शहरे लोकसभेसाठी कल्याण मतदारसंघात येतात; पुढचे बदलापूर मुरबाड विधानसभेमार्फत भिवंडीला जोडलेले आहे. २००८ च्या पुनर्रचनेने ही मांडणी ठरली. त्यानंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि चारही वेळा दोन्ही मतदारसंघांतून पुरुषच निवडून गेले. त्याआधीच्या ठाणे मतदारसंघातही १९७७ पासून रामभाऊ म्हाळगी, जगन्नाथ पाटील, शांताराम घोलप, राम कापसे, प्रकाश परांजपे अशी पुरुषांचीच परंपरा दिसते. आता याच शहरांच्या पालिकांकडे पाहू. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना १९९० मध्ये तीस टक्के जागा दिल्या, घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश दिल्या आणि २०११ पासून निम्म्या. २०१५ मध्ये अंबरनाथ नगरपालिकेत ५७ आणि कुळगाव-बदलापूरमध्ये ४७ नगरसेवक निवडून आले, २०१७ मध्ये उल्हासनगर महापालिकेत ७८. निम्म्याच्या हिशेबाने या तीन सभागृहांत एका फेरीत नव्वदहून अधिक स्त्रिया बसल्या. नव्वद स्त्रिया पालिकेत पोहोचतात आणि दिल्लीत एकही पोहोचत नाही, ही तफावत या पुस्तकाचा विषय आहे. निवडून आलेल्या स्त्रीचे राष्ट्रीय नेतृत्व हा प्रश्न एरवी इंदिरा गांधींपासून सुरू होतो आणि त्यांच्यापाशीच संपतो. इथे तो अंबरनाथच्या फलाटावरून पाहिला आहे. तिथून पाहिले की नेमके काय अडले आहे ते स्पष्ट दिसते.

दिल्लीतल्या एका खुर्चीवर कोण बसते याने या शहरांना काय फरक पडतो, असे कोणी विचारील. उत्तर त्यांच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजही चालतात. तिथल्या घरांच्या आणि जमिनींच्या मालकीचा गुंता १९५४ च्या विस्थापितांच्या पुनर्वसनाच्या केंद्रीय कायद्यापर्यंत मागे जातो. अंबरनाथची ओळख एकीकडे शके ९८२ च्या शिवमंदिराची आणि दुसरीकडे ऑर्डनन्स फॅक्टरीची. तो कारखाना संरक्षण खात्याचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन देशभरचे असे कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, तो निर्णयही केंद्राचाच. बदलापूर तर रेल्वेवरच वाढले. लोकल किती, कल्याणच्या पुढे तिसरी-चौथी मार्गिका कधी, महिला डब्यात पोलीस आहे की नाही, यांतले काहीच पालिकेच्या हातात नाही. पहाटे डबा भरून मुंबईला निघणाऱ्या आणि रात्री उशिरा गर्दीतून परतणाऱ्या बाईच्या दिवसातले कितीतरी तास रेल्वे मंत्रालयाच्या वेळापत्रकावर चालतात. तिचा खासदार कोण, हा तिच्या दृष्टीने दूरचा प्रश्न मुळीच नाही.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: दिल्लीच्या राजकारणाचा आवाका मोठा, गटार-पाणी-दिवाबत्ती पाहणाऱ्या नगरसेविकेला तो कसा पेलणार? मराठी स्त्रियांचा इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. मृणाल गोरे यांनी सुरुवात केली ती गोरेगावच्या ग्रामपंचायतीतून. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेत आलेले नव्हते. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या, १९५८ मध्ये पती केशव गोरे यांचे निधन झाले, आणि त्यानंतर १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. वस्त्यांच्या पाण्यासाठी त्यांनी इतका झगडा केला की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. अहिल्या रांगणेकर यांचा मार्गही असाच. कामगार वस्त्यांतले काम, महापालिकेतली अनेक वर्षे, मग १९७७ मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून खासदारकी. प्रमिला दंडवते १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून निवडून आल्या, त्याही महापालिकेतला अनुभव गाठीशी घेऊनच. १९७२ च्या दुष्काळी महागाईत या तिघींनी पक्षभेद बाजूला ठेवून स्त्रियांची संयुक्त समिती उभी केली आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रॉकेल, तेल, साखर, रेशनचे धान्य हे त्या मोर्चांचे विषय. त्यांतला एकही विषय मंत्रालयात पुरता सुटणारा नव्हता. धान्याचे धोरण आणि तेलाची आयात दिल्लीत ठरत होती. नळाच्या रांगेत सुरू झालेला प्रश्न देशाच्या अर्थकारणापर्यंत जातो, हे या स्त्रियांना तिथपर्यंत जावे लागल्यामुळे कळले. लोकसभेत गेल्यावर प्रमिलाताईंनी हुंडाबंदीचा कायदा कडक करण्यासाठी अशासकीय विधेयक मांडले. पुढे १९८४ मध्ये सरकारला त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, त्यामागे विधानसभेत तो प्रश्न लावून धरणाऱ्या मृणालताई होत्या, आणि १९९४ मध्ये केंद्राने त्याच वाटेने पाऊल टाकले.

आणखी एक आकडा या काळाचा. १९७७ च्या लोकसभेत अवघ्या १९ स्त्रिया होत्या. आजवरच्या कोणत्याही लोकसभेत इतक्या कमी नव्हत्या. त्या १९ पैकी दोघी एकट्या मुंबई शहरातून गेल्या होत्या आणि दोघीही नगरसेविका राहिलेल्या होत्या. राखीव जागा तेव्हा नव्हत्या. पालिका मात्र होती, आणि पालिकेतल्या कामाला मोजणारे पक्ष होते.

हे मुंबईपुरते किंवा डाव्या-समाजवादी चळवळीपुरतेच होते असेही नाही. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्नानंतर इंदूरला गेल्या, तिथे १९८२ मध्ये नगरसेविका झाल्या, मग उपमहापौर, आणि १९८९ मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून लोकसभेत पोहोचल्या. त्या एकाच मतदारसंघातून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. विचारसरणी मृणालताईंच्या अगदी विरुद्ध टोकाची, पण पहिली पायरी तीच. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचे पहिले निर्वाचित पद ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगर पंचायतीतले, १९९७ सालचे. जगात पाहायचे तर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्लाउडिया शाइनबाउम २०१५ मध्ये राजधानीतल्या त्लाल्पान या एका विभागाच्या प्रमुख होत्या आणि २०१८ मध्ये मेक्सिको सिटीच्या. पाणीपुरवठा, वाहतूक, प्रदूषण यांच्याशी झुंजत त्या वर गेल्या. पालिकेतून न जाताही स्त्रिया वर पोहोचतात. प्रतिभा पाटील १९६२ मध्ये थेट विधानसभेत गेल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. पण घराण्याचा किंवा श्रेष्ठींचा हात डोक्यावर नसलेल्या बाईला ज्या वाटेने वर जाता येते, ती वाट बहुधा पालिकेतून किंवा पंचायतीतूनच जाते.

मग ठाणे जिल्ह्यात ती कुठे अडते? याचे एक जुने उदाहरण नजरेआड करता येत नाही. १९४५ च्या सुमारास तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले ते गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव यांनी. आदिवासींच्या त्या गोदूताई. त्या लढ्यावरच्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षही झाल्या. १९५७ मध्ये ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाने लोकसभेत पाठवले ते शामरावांना. शामरावांची योग्यता वादातीत होती, त्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. पण रानात नेतृत्व दोघांचे आणि लोकसभेची जागा एकाची, ही वाटणी समतेचा ध्वज घेतलेल्या पक्षातही कोणाला खटकली नाही. इतर पक्षांविषयी वेगळे काय सांगावे?

आज अडथळ्याचे रूप बदलले आहे. पालिकेतली राखीव जागा सोडतीने ठरते आणि दर निवडणुकीत फिरते. या खेपेला महिला राखीव असलेला प्रभाग पुढच्या खेपेला खुला होतो आणि तिथे पाच वर्षे राबलेल्या नगरसेविकेला सांगितले जाते की ताई, आता भाऊंना संधी द्या. ती शेजारच्या राखीव प्रभागात गेली तर तिथे तिला कोणी ओळखत नाही. घरी बसली तर पाच वर्षांत शिकलेले सगळे वाया जाते. आणि ते शिकणे थोडे नसते. अंदाजपत्रक वाचणे, स्थायी समितीत ठराव अडवणे किंवा पुढे रेटणे, जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्याकडून बारवी धरणाच्या पाण्याचा हिशेब काढून घेणे, वालधुनी नदीत कोणत्या कारखान्याचे रसायन उतरते त्याची तक्रार योग्य खात्याकडे लावून धरणे, हे सारे पहिल्या दोन वर्षांत कोणालाच येत नाही, पुरुषालाही नाही. पुरुष दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मुरतो. बाईला दुसरी खेप मिळणेच दुर्मीळ. मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांवरचा रिखिल भावनानी यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदा महिला राखीव राहून नंतर खुल्या झालेल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट असल्याचे त्यात आढळले. मतदाराने एकदा बाईचे काम पाहिले की तो पुन्हा बाईला मत देतो, असा याचा सरळ अर्थ. तिने उभे राहण्यापुरते तिकीट तेवढे मिळायला हवे.

त्यात आमच्या शहरांवर आणखी एक आघात झाला. अंबरनाथ आणि बदलापूरच्या पालिकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि २०२५ च्या डिसेंबरपर्यंत निवडणूकच झाली नाही. उल्हासनगरमध्येही २०२२ पासून प्रशासक होता. म्हणजे ज्या संस्थेत बाईला घटनेने जागा दिली, ती संस्थाच बंद. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. दिवसभर लोकल बंद राहिल्या. त्या गर्दीत आया होत्या, आज्या होत्या, कामावर न गेलेल्या बायका होत्या. त्या दिवशी बदलापुरात एकही नगरसेविका पदावर नव्हती. या शहराची आमदार किंवा खासदारही कोणी स्त्री नव्हती. तक्रार घेऊन हक्काने जिच्या दारात जावे अशी निवडून आलेली एकही बाई नसलेल्या शहरात बायका रुळांवर उतरल्या. स्त्री-प्रतिनिधी असती तर तो गुन्हा घडलाच नसता असा दावा मी करणार नाही. तो खरा नाही. पण पोलीस ठाण्यात ताटकळणाऱ्या आईशेजारी सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेली एक बाई उभी राहणे आणि न राहणे, यांत अंतर आहे.

पालिकेतून लोकसभेच्या दारापर्यंत गेलेली एक उमेदवार कल्याणने पाहिली आहे. वैशाली दरेकर-राणे कल्याण-डोंबिवली महापालिकेत नगरसेविका होत्या. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्यांना लोकसभेचे तिकीट दिले आणि नवख्या पक्षाकडून त्यांनी एक लाखाहून अधिक मते घेतली. पुन्हा संधी आली ती पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, शिवसेनेच्या ठाकरे गटाकडून. या वेळी साडेतीन लाखांहून अधिक मते मिळाली, पण पराभव दोन लाखांच्या वरच्या फरकाने झाला. हा निकाल बाई हरते याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. त्यातून मला दुसरेच दिसते. समोर तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव होते, सत्ता होती, दोन खेपांची खासदारकी होती. उमेदवारी जाहीर झाली तीही उशिरा. वीस लाखांवर मतदार असलेल्या मतदारसंघात इतक्या थोड्या दिवसांत कोणत्याही उमेदवाराने काय करावे? पक्षाला जिथे स्वतःच्या विजयाची खात्री नसते, तिथे बाईला पुढे करायचे आणि मग तिच्या पराभवावरून सगळ्या बायकांचा हिशेब मांडायचा, ही पद्धत सगळ्याच पक्षांत रूढ आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप असा की राखीव जागेवरून येणाऱ्या बायका नावापुरत्या. कारभार नवरे, दीर, मुलगे करतात. फलकावर ‘सौ.’चा फोटो छोटा आणि पतिराजांचा मोठा, सभेत बाई बसलेली आणि बोलणारे दुसरेच, हे दृश्य तिन्ही शहरांत ओळखीचे आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वरच्या पदांवरही घराण्याची छाया दिसते. २०१४ मध्ये ज्योती कालानी उल्हासनगरच्या आमदार झाल्या त्या पतीच्या जागी. उल्हासनगरचा काही भाग ज्यात येतो त्या कल्याण पूर्वमधून २०२४ मध्ये सुलभा गायकवाड निवडून आल्या, त्याही पतीच्याच जागी. २०१७ नंतरच्या पाच वर्षांत उल्हासनगरला मीना आयलानी, पंचम कालानी आणि लीलाबाई आशान अशा तीन महिला महापौर लाभल्या, त्यांतल्या पहिल्या दोघी शहरातल्या दोन मोठ्या राजकीय घरांतल्या. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी कल्याण लोकसभेच्या खासदारांची यादीही डोळ्यांसमोर ठेवावी. २००९ मध्ये निवडून आलेले आनंद परांजपे हे माजी खासदार प्रकाश परांजपे यांचे पुत्र. २०१४ पासूनचे डॉ. श्रीकांत शिंदे हे एकनाथ शिंदे यांचे पुत्र. मतदारसंघ जन्मल्यापासून त्याला दोनच खासदार मिळाले आणि दोघेही राजकीय वडिलांचे मुलगे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. पण त्यांना कोणी नामधारी म्हणत नाही. वडिलांचा वारसा मुलाला मिळाला तर ती परंपरा, आणि नवऱ्याचा वारसा बायकोला मिळाला तर ती कळसूत्री बाहुली, ही दुहेरी मोजपट्टी आहे. सिरिमाओ बंदरनायके १९६० मध्ये जगातल्या पहिल्या निर्वाचित महिला पंतप्रधान झाल्या तेव्हा हत्या झालेल्या पंतप्रधानाची विधवा हीच त्यांची ओळख होती. त्यांनी तीन वेळा ते पद सांभाळले. गोव्यात वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या शशिकला काकोडकर जवळपास सहा वर्षे त्या पदावर होत्या. महाराष्ट्राला मात्र आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, वारशाने नाही आणि वारशाशिवायही नाही. घराण्यातून आलेली बाई पुढे स्वतःची होते की नाही, हे ती किती काळ पदावर राहते यावर ठरते. फिरत्या सोडतीने तो काळच हिरावून घेतला आहे. नामधारी बाईचा उपाय दुसरी आणि तिसरी खेप हाच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. पक्षाला जिंकायचे असते; मतदार बाईला मत देत नाही, मग पक्षाने काय करावे? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८,३०० हून अधिक उमेदवार होते, त्यांत स्त्रिया सुमारे ८००, म्हणजे दहात एकही नाही. निवडून आल्या ७४, म्हणजे सभागृहातल्या १३ टक्क्यांहून अधिक. उमेदवारांतल्या प्रमाणापेक्षा विजेत्यांतले प्रमाण जास्त. हा आकडा जपून वाचायला हवा, कारण पुरुष उमेदवारांत अपक्षांची गर्दी मोठी असते आणि ती सरासरी खाली ओढते. म्हणून पक्षांच्या आकड्यांकडे जाऊ. बिजू जनता दलाने २०१९ मध्ये ओडिशातल्या २१ पैकी ७ जागांवर स्त्रिया उभ्या केल्या, त्यांतल्या ५ निवडून आल्या. तृणमूल काँग्रेसने २०२४ मध्ये १२ स्त्रियांना तिकीट दिले आणि ११ जिंकल्या. महाराष्ट्रातून २०१९ मध्ये ४८ पैकी ८ आणि २०२४ मध्ये ७ स्त्रिया गेल्या. सुप्रिया सुळे आणि रक्षा खडसे यांच्यासारख्या त्याच मतदारसंघातून पुनःपुन्हा निवडून येत आहेत. आमच्या शहरांतही मतदार बाईच्या नावापुढचे बटण दाबायला कचरत नाही. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नगराध्यक्ष थेट निवडायचा होता. अंबरनाथमध्ये तेजश्री करंजुले आणि बदलापुरात रुचिता घोरपडे निवडून आल्या, आणि दोन्हीकडे मुख्य लढत दोन स्त्रियांमध्येच झाली. शहरभरातून मते मागितली गेली, प्रभागापुरती नव्हेत. विधानसभेच्या आकाराची ही परीक्षा या स्त्रियांनी दिली आहे. यापुढे ‘बाई चालत नाही’ हे मतदाराच्या नावावर खपवता येणार नाही.

तिसरा आक्षेप सहसा स्त्रियांकडूनच येतो, म्हणून तो अधिक गंभीर. सर्वोच्च पदावर बाई बसल्याने इतर बायकांचे काय भले झाले? इंदिरा गांधी १९६६ पासून सलग अकरा वर्षे पंतप्रधान होत्या. त्यांच्या त्या कारकिर्दीच्या अखेरीस लोकसभेतल्या स्त्रियांची संख्या वाढण्याऐवजी १९ वर आली. त्याच काळात नेमलेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ मध्ये दिलेल्या अहवालात स्त्रियांच्या राजकीय सहभागाची पीछेहाट नोंदवली होती. मार्गारेट थॅचर यांची गोष्ट फार निराळी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. एक असामान्य बाई शिखरावर पोहोचली म्हणून मागच्यांसाठी रस्ता तयार होत नाही. रस्ता तयार होतो तो खालच्या पदांवरून वरच्या पदांवर जाणाऱ्यांची संख्या वाढली की. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरच्या राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात असे दिसले की स्त्री सरपंच असलेल्या पंचायतींनी, स्त्रियांच्या तक्रारींत अग्रभागी असलेल्या पाण्यासारख्या कामांवर अधिक खर्च केला. हे एका नेत्रीचे मोठेपण नव्हे. अनेक सामान्य स्त्रिया पदावर असल्याचा तो परिणाम आहे. मृणालताईंना लोकसभेत पोहोचवणाऱ्या गोरेगावच्या नळासारखेच हे.

आता राहिला २०२३ चा कायदा. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारे विधेयक १२ सप्टेंबर १९९६ रोजी पहिल्यांदा मांडले गेले, गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते तपासले, २०१० मध्ये ते राज्यसभेत मंजूर होऊन अडकले, आणि अखेर १०६ व्या घटनादुरुस्तीच्या रूपाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले. त्याची अंमलबजावणी नव्या जनगणनेला आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेला बांधलेली आहे. कायदा आला, आता प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांना आमच्या पालिकांचा अनुभव सांगणे हे या पुस्तकाचे एक काम आहे. राखीव जागांची अदलाबदल पुढच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर होईल अशी तरतूद त्यात आहे; दर निवडणुकीला फिरणाऱ्या पालिकेच्या सोडतीपेक्षा हे बरे, कारण एका बाईला दोन-तीन खेपा मिळू शकतील. पण जागा राखीव झाल्यावर ती कोणाला द्यायची हे पक्षच ठरवणार, आणि पक्षांच्या आतल्या रचनेला हा कायदा हात लावत नाही. प्रत्येक पक्षात स्त्रियांसाठी वेगळी महिला आघाडी आहे. मोर्च्याला गर्दी आणि हळदीकुंकवाला हजेरी ही तिची कामे. उमेदवारांची यादी ठरते त्या बैठकीत तिची प्रमुख असतेच असे नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये घटनेतच तरतूद केली की पक्षांनी निम्मे उमेदवार स्त्रिया द्यावेत. तिथे बंधन जागेवर नाही, पक्षावर आहे. परिणामी काही वर्षांत तिथले कनिष्ठ सभागृह जवळपास निम्मे स्त्रियांचे झाले. लोकसभेच्या उमेदवाराला कायद्याने ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. ज्या नगरसेविकेच्या नावावर घरही नाही तिला हा डोंगर एकटीने चढता येणार नाही, तो पक्षालाच उचलावा लागेल. कल्याण किंवा भिवंडी उद्या महिला राखीव झाले, तर पक्ष पालिकेत पंधरा वर्षे घालवलेल्या बाईला बोलावतील की खासदार-आमदारांच्या घरातल्या सुनेला, हे आज सांगता येत नाही. ज्या पक्षाला पहिली निवड करायची आहे त्याने तयारी आतापासून करायला हवी: खुल्या झालेल्या प्रभागात तिलाच पुन्हा तिकीट, स्थायी समितीत आणि जिल्हा कार्यकारिणीत जागा, विधानसभेच्या उमेदवारीसाठी नाव.

पुढची प्रकरणे या दृष्टीने वाचावीत. त्यांत थोर स्त्रियांची चरित्रे नाहीत. तिन्ही शहरांच्या सभागृहांत बसलेल्या स्त्रियांनी मांडलेले ठराव, विचारलेले प्रश्न, पाणी आणि रस्त्यांवरच्या चर्चा, त्यांना मिळालेली आणि नाकारली गेलेली दुसरी तिकिटे यांचा मागोवा आहे. नगरसेवकांची कामे वर्तमानपत्रांत नावानिशी येतात, नगरसेविकांची बहुतेक वेळा पतीच्या नावाने. म्हणून सभावृत्तांतांवर अधिक भर दिला आहे, कारण तिथे बोलणाऱ्याचे नाव नोंदवावे लागते. कोण किती खेपा निवडून आले आणि प्रभाग खुला झाल्यावर पुढे काय झाले, याचे तक्ते प्रत्येक शहरापुढे जोडले आहेत.